माया, जिव्हाळा आणि अठ्ठावीस एकर

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. साधासुधा नाही, बक्षीसपत्राचा. माझा एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे आणि लाखेची मोहोर निम्मी गळून पडली आहे, पण अक्षर अजून लागतं. कागद होण्याआधी मी कुणाचा तरी सदरा होतो. चिंध्या कुजवून, कुटून त्यांच्या लगद्याचा मला केला. त्यामुळे असेल, माणसांच्या अंगाची ऊब मी अजून विसरलेलो नाही.

इंग्रजांच्या वसाहतीत, कनेटिकट नदीच्या काठी, जॉर्ज राजाच्या गादीवरच्या सोळाव्या वर्षी, गिडियन होल्कोम नावाच्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात माझ्यावर शाई चढली. लिहायला गावचा कारकून आला होता, प्रिझर्व्ड पार्मली. माणूस फटकळ, पण अक्षर मोत्यासारखं. त्याने ठरलेल्या शब्दांनी सुरुवात केली: ‘माझा मुलगा एलनाथन याच्याविषयी माझ्या मनात जी माया, जिव्हाळा आणि सद्भाव आहे, त्याखातर...’

“माया कशाला घातलीस?” गिडियनने विचारलं.

“सगळ्यांच्याच कागदात असते. तुझ्याकडे नसेल तर सांग, काट मारतो.”

गिडियनने काट मारायला सांगितलं नाही. ‘दगड उचल’ आणि ‘लाकडं फोड’ यापलीकडे तो लेकाशी फारसं बोलतच नसे. मग चतुःसीमा लिहून झाल्या: खूण केलेल्या पांढऱ्या ओकपासून दगडांच्या ढिगापर्यंत, तिथून ओढ्याच्या कडेने खाली, एकूण अठ्ठावीस एकर. सही झाली, लाख लागली, दोघांनी साक्षी घातल्या.

“आता शेतावर जा,” पार्मली म्हणाला. “गवतासकट मातीचं एक ढेकूळ, ओकची एक डहाळी आणि हा कागद पोराच्या हातात दे. तोवर ही नुसती रद्दी आहे, लक्षात ठेव.”

“देतो की. रायचं पीक कापून होऊ दे,” गिडियन म्हणाला आणि त्याने मला पेटीत घोंगड्यांखाली ठेवून दिलं.

राय कापून झाली. मग मका घरात यायचा होता, मग गोठा शाकारायचा होता. अशी सहा वर्षं गेली. अंधाराचं मला काही वाटलं नाही, उंदरांचं मात्र वाटलं.

तिकडे एलनाथन त्याच अठ्ठावीस एकरांत राबत होता. आमच्याकडे दर वसंतात जमीन नवे दगड वर काढते. ते वेचून त्याने बांध रचले, दोन खोल्यांचं घर उभं केलं, धुराडंसुद्धा बांधलं. घरात यायची होती बेथाया, पण तिच्या बापाने साफ सांगितलं होतं, “कागद दाखव आणि मुलगी ने.” कागद मागायला गेलं की गिडियन म्हणे, बघू. शेवटी एलनाथनने उत्तरेकडच्या चुलतभावाला निरोप धाडला की मी तुझ्याकडे नव्या जमिनीवर येतो. सोमवारी निघायचं ठरलं. बेथाया एवढ्या लांब येणार की नाही, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी पेटीचं झाकण उघडलं. एलनाथनची आई, थँकफुल, त्याच्या गाठोड्यात बांधायला घोंगडी काढत होती. तिने मला हातात घेतलं. “सहा वर्षं लोळतोयस मेल्या,” ती मला म्हणाली, “आता जरा कामाला लाग.” आणि तिने मला बायबलात घातलं, बरोब्बर दुसऱ्या दिवसाच्या अध्यायावर.

त्या घरचा एक शिरस्ता होता. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर गिडियन स्वतःच्या हाताने पुस्तक लेकाला देई, डोळे मिटून बसे आणि एलनाथन वाची. त्या दिवशी पार्मलीही जेवायला होता.

एलनाथनने पुस्तक उघडलं. वर मीच होतो. “‘माझा मुलगा एलनाथन याच्याविषयी माझ्या मनात जी माया...’” तो अडखळला.

“थांबायचं नाही. पुढे वाच,” गिडियन डोळे मिटूनच म्हणाला. सवयच ती.

पोरगा वाचत गेला. पांढरा ओक आला तेव्हा कुठे बापाचे डोळे उघडले.

“दिलंस की रे!” पार्मली हसायला लागला. “स्वतःच्या हाताने दिलंस. मी साक्षीदार.”

“मी पुस्तक दिलं. आणि आज रविवार, सब्बाथ आहे. आजचा व्यवहार चालत नाही.”

एलनाथनने माझी घडी घातली आणि मला बापापुढे ठेवलं. “मलाही असा नको, बाबा. तुम्ही द्याल तर घेईन. नाहीतर उद्या निघतो.”

 मग गिडियन म्हणाला, “माझ्या वडिलांनी सगळं थोरल्याच्या नावावर केलं होतं. शेवटच्या हिवाळ्यात चुलीजवळची खुर्चीसुद्धा त्यांना मागून घ्यावी लागायची. मी पाहिलंय ते.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” एलनाथनने विचारलं आणि तो पार्मलीकडे वळला. “काका, या कागदाच्या पाठीवर जागा आहे ना? चुलीजवळची खुर्ची बाबांची, असं लिहा. सरपण, दिवा, सफरचंदाच्या दारूचं पिंप, आईची गाय, सगळं लिहा. मी सही करतो.”

“आज लेखणी धरणार नाही,” पार्मली म्हणाला. “उद्या उजाडताच येतो.”

सोमवारी एलनाथन गाठोडं खांद्यावर घेऊन बाहेर पडला, तेव्हा ओकखाली बाप फावडं घेऊन उभा होता. मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो. पार्मलीने ओकच्या बुंध्यावर मला टेकवून पाठीवरचा मजकूर लिहिला आणि एलनाथनने सही केली. गिडियनने गवतासकट ढेकूळ कापलं, डहाळी मोडली, दोन्ही लेकाच्या हातात दिली आणि वर मला ठेवलं. 

“ती माया पार्मलीने घातली होती,” तो म्हणाला. “पण राहू दे. खरं आहे ते.”

एलनाथनला रडू आलं. गाठोडं तिथेच राहिलं, ते दुपारी थँकफुल उचलून घेऊन आली.

त्याच वर्षी बेथाया घरात आली. पुढे गिडियन अकरा हिवाळे त्या खुर्चीत बसला. एकदाही त्याला ती मागावी लागली नाही.

मित्रांनो, आता एलनाथनचे केस पांढरे झालेत. त्याचा मुलगा अबाइजा तेच दगड वेचतो. गेल्या वर्षी त्याच्या नावाचा एक नवा कागद लिहून झाला आणि तो त्याच जुन्या पेटीत माझ्या अंगावर येऊन पडला. वर एलनाथनचा आवाज आला, “देतो की. मका घरात येऊ दे.” मला हसावं की रडावं कळेना. तुमच्याही घरात असा कागद पडून असेल, तर हात चालता आहे तोवर तो द्या. माया आमच्यावर लिहून ठेवून भागत नाही. आम्हाला ती मोठ्याने वाचता येत नाही.

आज पेटी उघडली. बेथायाचा हात माझ्यावरून फिरला, क्षणभर थांबला आणि त्याने वरचा नवा कागद उचलला. आज शनिवार आहे.