फळीवरची बाटली

"सर, वर्तुळच पडलं न्हाई," काचेची प्लेट उजेडाकडे धरून रोहिणी म्हणाली.

अर्जुनराव सरांनी प्लेटकडे न बघता आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं. बीडच्या कॉलेजात जन्म गेला होता, आणि पोरांचे बनवलेले आकडे पकडून पकडून सरांचा स्वभावच तसा झाला होता. प्रत्यक्ष देव समोर उभा राहिला तरी सर त्याच्याकडे आधारकार्ड मागतील, असं पोरं म्हणत.

रोहिणी शिरूर कासारची. आईबाप ऊसतोडीला जायचे. फडावर चुलत्याच्या छातीत कळ आली, तेव्हा जवळच्या दवाखान्यात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध नव्हतं. ते ठेवायला धड फ्रिजही नव्हता. चुलता गेला. तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला होता, गाठ विरघळवणारं एन्झाइम फ्रिजशिवाय टिकवायचं. साखर घालून केलेल्या मिश्रणाची बाटली तिनं पाडव्याला उघड्या फळीवर ठेवली. दर सोमवारी त्यातलं थोडं नळीत काढायचं आणि रक्ताच्या गाठीसारख्या गोठलेल्या थराच्या प्लेटवर एक थेंब सोडायचा. थेंब तो थर खातो, तिथं स्वच्छ वर्तुळ पडतं. वर्तुळ मोठं तेवढा एन्झाइमचा जोर जास्त. अख्खा मे तापला, वीज येत-जात राहिली, पण रोहिणीचं वर्तुळ तसूभर घटलं नाही.

सरांना नेमकं हेच खुपत होतं. इतकं चांगलं कधी खरं असतं का? म्हणून आज ती डबा खायला गेल्यावर त्यांनी नळी रिकामी केली आणि तिच्यात मिठाचं पाणी भरून ठेवलं. पोरगी आकडे बनवत असेल, तर तिच्या वहीत पाण्याचंही वर्तुळ पडेल.

"पुन्हा लाव," सर म्हणाले.

"दोनदा लावलं. प्लेटा संपल्या. पुण्याहून थराची पावडर आल्याबिगर नव्या व्हनार न्हाईत."

"मंग मागच्या सोमवारचाच आकडा टाक की."

"त्यो कावून टाकू, सर? शून्य लिहिते." तिनं वही ओढली आणि शून्य लिहिलं.

सरांना इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांना खोकावं लागलं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला, वत्सलाबाईंना, सगळं सांगितलं. "पोरगी सोळा आणे खरी हाय."

"मंग फोन करा तिला. रडत बसली आसंल."

"उद्या सांगतो. लगेच सांगितलं तर डोक्यावर बसंल."

"तुमचं लई अवघड हाय," वत्सलाबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला उठल्या.

सकाळी सर पेढ्यांचा पुडा घेऊन आले. रोहिणी बेसिनपाशी ब्रशनं काहीतरी घासत होती. फळी रिकामी होती.

"बाटली कुठं हाय गं?"

"ही काय. कालच ओतली." ती मान वर न करता म्हणाली. "मेलेलं एन्झाइम एक रातबी फळीवर ऱ्हायला नको, कुनीतरी त्यावर आकडे बनवील, आसं तुमीच सांगितलंय."

"सगळं ओतलं?"

"सगळं. आता उन्हाळा सरला, सर. पुढच्या पाडव्याला नवी ठिवीन."

सरांनी पुडा टेबलावर ठेवला. "नळीत पानी होतं, रोहिणी. मीच भरलं होतं. तुझं औषध जितं होतं."

तिनं नळ बंद केला.

"म्हंजी माझं माप बरोबर व्हतं," ती म्हणाली.

मग तिनं बाटली पालथी घातली, ओढणीला हात पुसले, आणि सरांसाठी स्टूल पुढं सरकवलं.