खिडकीवरची फुली

"हे सगळं आहे हो आमच्याकडे," संग्रहालयातली तिल्डा अल्बमचं पान उलटत म्हणाली. "छायाचित्रकाराच्या मूळ काचेच्या निगेटिव्हच आहेत. तुमच्या कार्डांपेक्षा स्पष्ट."

हॉल्गरनं पुढे केलेला दुसरा अल्बम मागे ओढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं ते मला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे वाजतात, तरी बसच्या दोन खेपा करून चौदा अल्बम वाचनालयाच्या तळघरात घेऊन आला होता. दर मंगळवारी आमचं जुन्या पोस्टकार्डवाल्यांचं मंडळ तिथे जमतं. मी कॉफी करते, वेलदोड्याचे बन आणते आणि भांडणं सोडवते. त्या चौदा अल्बमांत आमचं येव्हले शहर होतं. ट्राम, बंदर, लाकडी घरं, सगळं. अर्ध्याहून जास्त आता पाडलेलं.

हॉल्गरला बायको नाही, पोर नाही. जन्मभर शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि कार्डं जमवली. गेल्या हिवाळ्यात मंडळातला एक जण वारला, तर पुतण्यानं त्याचे अल्बम सरळ कचराकुंडीत टाकले. तेव्हापासून हॉल्गरनं एकच धोशा लावला होता, माझ्यामागे यांचं कोण बघणार? म्हणून मीच तिल्डाला बोलावलं होतं.

तिलाही वाईट वाटलं असावं. "फुलीवाली आहेत का तुमच्याकडे?" तिनं विचारलं. "पूर्वी लोक आपल्या गल्लीचं कार्ड विकत घ्यायचे, आपल्या खिडकीवर शाईनं फुली मारायचे आणि नातेवाइकांना पाठवायचे ना, तसली? ती आम्हाला हवी आहेत. घरांची चित्रं आहेत, पण आत कोण राहत होतं ते कळत नाही."

"फुलीवाली मी ठेवत नाही," हॉल्गर म्हणाला. "खराब माल असतो तो."

यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्यात नियमच आहे तसा. शाई लागली की कार्ड बाद. एकेकजण तर कार्ड नुसतं कडांना धरतो, जणू गरम तवाच.

पलीकडच्या टेबलावरून रोलांड खो खो हसला. तो पोस्टाची तिकिटं जमवणारा. "खराब माल सगळा माझ्याकडे यायचा बाई! यानं तर स्वतःच्या आईचं कार्डसुद्धा मला दिलं होतं. आठवतं का रे, हॉल्गर?"

त्यानं ते गमतीत म्हटलं. पण हॉल्गरचा हात पानावर तसाच राहिला.

"कसलं कार्ड?" मी विचारलं.

"आमच्या पिंपवाल्यांच्या गल्लीचं," हॉल्गर म्हणाला. "एकोणपन्नास साली आईनं मावशीला पाठवलेलं. तेव्हा आई कॉफीच्या कारखान्यात पोती शिवायची. आई गेल्यावर मावशीनं ते माझ्याकडे दिलं. आमच्या खिडकीवर ही एवढी फुली. मला राग आला, चांगलं कार्ड हिनं नासवलं म्हणून. रोलांडकडे तेच कोरं होतं. बदलून घेतलं."

"मागे काय लिहिलं होतं?" तिल्डानं विचारलं.

हॉल्गरनं तिच्याकडे पाहिलं. "मागची बाजू आम्ही वाचत नाही," तो म्हणाला. आणि मग हळूच, "मी वाचली नाही."

हॉल्गर पलीकडच्या टेबलाकडे वळला.

"रोलांड, ते कार्ड आहे का रे तुझ्याकडे?"

रोलांडचं तोंड एवढंसं झालं. "अरे, पन्नासच्या वर वर्षं झाली त्याला. तिकीट सुटावं म्हणून मी कार्डं बादलीत भिजत घालायचो. शाई पसरायची, कागद फुगायचा. मग ती... तिकीट असेल बघ घरी. पण तसली शंभर आहेत, त्यातलं तुझ्या आईचं कुठलं ते कसं सांगू? देवाशपथ, माझ्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्या तरी कुठे आलं," हॉल्गर म्हणाला.

त्यानं तिसरा अल्बम ओढला आणि ते कोरं कार्ड काढलं. स्वच्छ, लख्ख, एक डाग नाही. भिंग लावून तो खिडक्या बघत बसला. दुमजली लाकडी घर, वरच्या ओळीत सात खिडक्या, सातही सारख्याच.

"कोपऱ्याकडून तिसरी," तो पुटपुटला. "की चौथी? जिना डावीकडे होता. म्हणजे चौथी. नाही, थांब."

तिल्डानं पेन्सिल पुढे केली. "अंदाजानं लावा ना फुली."

"स्वतःचं घर अंदाजानं?" हॉल्गर म्हणाला आणि त्यानं अल्बम मिटला. "गाड्या ठेवायची इमारत झाली त्या जागी. तिथली लिफ्ट वीस वर्षं मीच दुरुस्त केली. रोज वर-खाली. कधी मनात आलं नाही, की आपण कुठल्या खिडकीपाशी उभे आहोत."

अल्बम माझ्या गाडीत घालून मी त्याला घरी सोडलं. एवढ्या वर्षांत त्याचं घर मी फक्त बाहेरून पाहिलं होतं, आठ मजल्यांच्या करड्या ठोकळ्यांपैकी एक. सगळे अल्बम लिफ्टपाशी पोचवल्यावर तो म्हणाला, "वर येतेस? कॉफी टाकतो."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं. आणि मी काय म्हणावं? "पुढच्या वेळी रे, बनचे ट्रे धुवायचेत." ट्रे! जीभ झडली नाही माझी.

पुढचे दोन मंगळवार तो आला नाही. फोन उचलला नाही. रोलांड त्या जुन्या तिकिटांची पाकिटं घेऊन दोन्ही वेळा ताटकळला आणि बन न खाता गेला.

काल माझ्या दारात पोस्टकार्ड पडलं. चौऱ्याहत्तर सालचं, त्याच करड्या ठोकळ्यांचं. असलं कार्ड मंडळात कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. पाचव्या मजल्यावरच्या एका खिडकीवर शाईची ठसठशीत फुली होती. ज्यानं उभ्या जन्मात कार्डाला बोट लावताना दहादा हात पुसले, त्यानं मारलेली.

मी उलटवून मागची बाजू वाचली. "फुली आहे ती माझी खिडकी. तीननंतर कॉफी असते. हॉल्गर."

तीनला दहा कमी होते. मी तशीच कोट चढवून निघाले.

अंगणात उभी राहून मी कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि खालून एकेक मजला मोजत गेले. चुकायचं नव्हतं मला. पाचव्या मजल्यावर, फुलीच्या जागी, तो उभा होता.