पाटीचं तोंड कुणीकडे

धाकूला दिवा हवा होता तो बायकोसाठी. गेल्या हंगामात सड्यावरच्या आंबेबागेत, मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपीत, दमयंतीच्या पायाजवळून फुरसं सरपटत गेलं आणि तिनं सरळ सांगून टाकलं, "उजेड करा, मग माला बोलवा." तेव्हापासून ती खाली वाडीत, आणि हा वर एकटा आपल्या हातचा करपट भात गिळत बसलेला. एका मांगरासाठी विजेच्या तारा काही सडा चढणार नव्हत्या.

म्हणून सत्त्याऐंशी साली सूर्यावर चालणाऱ्या दिव्यांची सरकारी योजना निघाली तेव्हा धाकूनं अर्ज ठोकला, आणि काय नवल, साहेब खरंच आले! बरोबर काचेची मोठी पाटी, बॅटरी आणि ट्यूब. अंगणात खांब रोवून झाल्यावर साहेब म्हणाले, "पाटीचं तोंड दक्षिणेला."

वाडीचे मानकरी, गावकर भागोजी दचकले. "दक्षिन? ती यमाची दिशा! देवाला इचारल्याबिगर आमच्यात गोठ्याचं दारसुद्धा बसत नाय, साहेब."

सगळी वरात देवळात गेली. गुरवानं पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं. दक्षिण विचारली, डावी पाकळी पडली, म्हणजे नकार. पूर्व विचारली, उजवी पडली, म्हणजे देवाचा कौल मिळाला. "होय महाराजा!" लोक गरजले. साहेबांना हातखंब्याला शेवटची एसटी गाठायची होती, त्यामुळे त्यांनीही विज्ञान फार ताणून धरलं नाही. पाटी पूर्वेला, जुन्या रायवळ आंब्याच्या सावलीकडे तोंड करून बसली. अहवालात मात्र ती दक्षिणेलाच बसली.

दमयंती वर आली. दिवा लागला. तिनं तव्यावर भाकरी टाकली, उलटली, आणि दिवा गेला.

"सकाळी मी जातंय," ती म्हणाली. तिच्या हातापाया पडून धाकूनं दोन दिवस मागून घेतले आणि रत्नागिरी गाठली. साहेबांनी फाईल उघडून दाखवली. पाटी दक्षिणेला आहे, तेव्हा तक्रारीला जागाच नाही! परत येऊन पाटी फिरवायचं विचारलं, तर भागोजी उखडलेच. "कौल फिरवाय देव काय तलाठी हाय?"

दमयंतीनं सगळं ऐकून घेतलं. "कौल गावकरांस दिलान, काळोखात मी बसू? पक्कड द्या हिकडं."

भर दुपारी शिडीवर चढून तिनं पाटीचं तोंड दक्षिणेला फिरवलं. खाली शिडी धरून धाकू पुटपुटत होता, "बा महाराजा, चूक बायकोची हाय, माजी नाय. पदरात घे."

आठवड्याभरात ट्यूब जेवणं उरकून भांडी घासेपर्यंत जळू लागली. भागोजी चार माणसं घेऊन बघायला आले. सगळे दिव्याकडे बघत राहिले, पाटीकडे कुणीच पाहिलं नाही.

"बगलात? देवाचा कौल!" भागोजी म्हणाले. "मीबी अर्ज केलाय, माज्या माडीवर बसवनार." साहेबांनाही म्हणे आदर्श कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं.

खरं काय ते धाकूच्या अगदी ओठांवर आलं होतं. दमयंतीनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. हंगाम संपेपर्यंत ती आता इथून हलणार नव्हती. भागोजींच्या हातात चहाची कपबशी देत ती म्हणाली, "बसवा की. पन पूर्वेलाच हां, गावकरांनू. देवाचं मन मोडू नुका."