शिवरात्रीपर्यंत माहेरी

"आठ दिवस तरी ऱ्हाऊ द्या, आत्याबाई," गाठोड्याला गाठ मारता मारता द्वारकाबाई म्हणाली. "दसरा कालच झाला. सण सरू तरी द्या."

"अन् वस्तादाला काय सांगू?" मिराबाईनं सुनेकडं न बघताच विचारलं. "पोरगं आजपासून तालमीत झोपनार. तू घरात फिरून राहिली तर त्याचं मन ठिकान्यावर ऱ्हाईल का?"

"मी त्यांच्या म्होरं येत न्हाई. माजघरातच ऱ्हाते."

"बाई वाऱ्याला आली तरी ताकद उतरते, म्हनतो ग्यानबा."

ग्यानबा हे शिरड शहापूरच्या तालमीचे वस्ताद. एका रात्रीत चाळीस दिवसांचं तूप वाया जातं, असं ते सांगत. हे चाळीस दिवस कोणी मोजले, कशाने मोजले, हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. लग्न झालेल्या पैलवानानं दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंत बायकोचं तोंड बघायचं नाही, हा त्यांचा नियम. शिवरात्रीला औंढ्याची जत्रा भरे, तिथं कुस्त्या होत. त्यानंतर अंगातली उष्णता उतरावी म्हणून अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वेगळं झोपायचं आणि आषाढ लागला की पुन्हा मेहनत आणि पुन्हा वेगळं झोपणं. सहा वर्षांच्या संसारात द्वारकाबाईच्या वाट्याला वर्षातले जेमतेम दोन महिने आले होते. त्यातही पेरणीची धांदल.

"आत्याबाई, अशानं लेकरू कुठून होईल?"

मिराबाईनं आता सुनेकडं बघितलं. "जीभ लई चालून राहिली तुही. ऐकून ठेव. पुढच्या दसऱ्यापर्यंत पाळना हलला न्हाई, तर माझ्या भावाची रुख्मिणी आनते सटवाजीला."

एवढ्यात तिचा नवरा सटवाजी तालमीतून आला. अंगावर लाल माती, मान खाली. अंगणाच्या कडेनंच तो गोठ्याकडं वळला.

"ऐकलं का हो, काय म्हनून राहिल्या आत्याबाई?" द्वारकाबाईनं दारातून विचारलं.

सटवाजी पाठमोराच थांबला. "वस्ताद म्हनतेत ते बराबर असंल," एवढंच बोलून तो बैलाच्या गळ्यातली घंटा नीट करू लागला.

भाऊ दगडोबा बैलगाडी घेऊन आलाच होता. माहेरच्या, कनेरगाव नाक्यापर्यंतच्या दीड दिवसाच्या वाटेत बहीण-भाऊ चार वाक्यं बोलले असतील नसतील.

माहेरी कोणी तिला जा म्हणालं नाही. पण विहिरीवर बायका विचारत, "यंदाबी आलीस का? तुला टाकलं की काय त्यायनं?" द्वारकाबाई कळशी भरून घेई आणि घरची वाट धरी.

शेजारी यंदाच प्रेमसिंग राहायला आला होता. तो हळदीची पोती गाडीनं हिंगोलीच्या बाजारात पोचवायचा आणि जत्रेजत्रेतून कुस्त्याही मारायचा. त्याला तीन लेकरं होती आणि बायको आशाबाईला तिसरा महिना लागला होता. द्वारकाबाईनं महिनाभर त्या घरावर नजर ठेवली. पहाटे प्रेमसिंग अंगणात जोर काढी, तेव्हा मधलं पोरगं त्याच्या पाठीवर बसून घोडाघोडा खेळे. मग तो भाकरी खाई, गाडी जुंपे. दिवेलागणीला परत येऊन घरातच झोपे. एक दिवस तिला राहवलं नाही.

"आशाबाई, तुमचे मालक तालमीत झोपत न्हाईत?"

"तालमीत? अन् रात्री पोट्टं रडलं तर काय वस्ताद येईल थापटायला?" आशाबाई हसली, मग तिच्याकडं वळली. "काहून वं?"

द्वारकाबाईनं सगळं सांगितलं. आशाबाईचं हसू मावळलं.

"आमच्यातबी सांगनारे हायेत असं. सासरा म्हने, पोराची ताकद जाईल. हे म्हनले, बाबा, मग तुमाला आमी नऊ भावंडं कशी झालो, अन् तुमी अजून पोतं उचलता कसे?"

त्या दिवसापासून द्वारकाबाईच्या डोक्यात एकच विचार घोळू लागला. सटवाजी जिंकला, तर वस्तादांचा नियम खरा ठरणार आणि आपण जन्मभर गाठोडं बांधत राहणार. हरला, तर? नवऱ्यानं हरावं असं मनात येणारी आपण कसली बाई, म्हणून ती स्वतःलाच घाबरली. तरीही आशाबाईनं जत्रेला चल म्हटल्यावर ती गाडीत बसली.

औंढ्याच्या माळावर हजारभर माणूस जमलं होतं. द्वारकाबाई आशाबाईसोबत बायकांच्या घोळक्यात, पार मागं बसली. शेवटच्या कुस्तीला चांदीचं कडं लागलं होतं. हलगी वाजली आणि पंचानं नावं पुकारली. एक सटवाजी, दुसरा प्रेमसिंग.

आशाबाईनं तिचा हात धरला. दोघी एकमेकींकडं बघेनात.

सटवाजी अंगानं दुप्पट दिसत होता. सहा वर्षांचं तूप त्याच्या खांद्यांवर चमकत होतं. पहिल्यांदा त्यानंच रेटलं. पण थोड्या वेळात त्याचा श्वास लागला. रोज बैलगाडीबरोबर कोसकोस चालणारा प्रेमसिंग मात्र तोंड मिटून उभा होता. सटवाजीचा पाय उचलला गेला, मग पाठ मातीला लागली. चितपट.

द्वारकाबाई उठून उभी राहिली. मनात काहीतरी मोकळं होत होतं. आता दिसेल यांना. हजार माणसांदेखत झालं. आता कोण नाही म्हणेल?

गर्दी फुटली. खांदा धरून बसलेल्या सटवाजीपाशी ती पोचली. तिथं ग्यानबा वस्ताद होते, मिराबाई होती.

"ही इथं काहून?" वस्ताद ओरडले. "तरीच! माही सहा वर्सांची मेहनत मातीत घातली हिनं!"

"मी पार मागं बसले होते. त्यायनं मला पाह्यलंबी न्हाई."

"पाहायला कशाला लागते? मैदानात होतीस ना!"

द्वारकाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला. वस्तादांशी ती आजवर कधी बोलली नव्हती. "अन् ज्यानं पाडलं त्याची बायको? ती बघा, पोटुशी बसली हाय. तीन लेकरं हायेत तिला. त्याची ताकद काहून उतरली न्हाई?"

वस्तादांनी तिकडं पाहिलं, मग नजर काढून घेतली. "त्याची प्रकृतीच अलग हाय," ते म्हणाले. आजूबाजूच्या दोघा-चौघांनी मान डोलावली.

द्वारकाबाई नवऱ्याकडं वळली. "तुमी तरी बोला. तुमी आत होता. तुमाला ठाऊक हाय."

सटवाजीनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत माती गेली होती. ती मनगटानं पुसून त्यानं तिच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "तू यायला नको होतं."

"चल रे," मिराबाई म्हणाली. "दसऱ्याची वाट पाहात न्हाई मी आता. रुख्मिणीचं वैशाखातच उरकून टाकू." तिनं मुलाच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. शिरडची माणसं आपल्या गाड्यांकडं गेली. सूनबाई, चल, असं कोणी म्हणालं नाही.

उन्हं कलताना प्रेमसिंगची गाडी हिंगोलीच्या वाटेला लागली. कडं त्यानं आशाबाईकडं दिलं होतं, तिनं ते पदराखाली झाकून घेतलं. प्रेमसिंग बैलांच्या बाजूनं पायी चालला होता. एकदा तो मागं न बघता म्हणाला, "बहीन, मला ठाऊक नव्हतं तो तुहा मालक हाय म्हनून."

"ठाऊक असतं तर काय सोडलं असतं?"

"न्हाई," तो म्हणाला.

"मग बराबर केलं."

आशाबाईचं धाकटं पोरगं पेंगत पेंगत सरकलं आणि द्वारकाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं. गाडीच्या हिसक्यांनी त्याचं डोकं जड होत गेलं. कोसभरात तिच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय पार बधिर झाला.

"इकडं द्या त्याला," आशाबाई म्हणाली. "पाय अवघडला असंल."

"न्हाई," द्वारकाबाई म्हणाली, आणि पोराच्या तोंडावर येणारं ऊन तिनं हातानं अडवलं.