करपलेली रू

हॉलिस टार्व्हर बायूकाठी, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याकाठी, येऊन राहिला त्याला जमाना झाला. कोळंबीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करता करता केस पिकले, तरी गॅलियानो गावात त्याला अजून 'वरचा'च म्हणत. वरचा म्हणजे लुइझियानाच्या उत्तरेकडचा, भात सोडून मक्याची लापशी, ग्रिट्स, खाणारा. आज तर हा बाबा मक्याच्या भरड्याचं पुडकं बगलेत मारून ओझीत शेरामी नावाच्या बाईच्या स्वयंपाकघरात शिरला होता. निमित्त कोळंबी-ग्रिट्सचं. खरं म्हणजे त्याला तिला लग्नाचं विचारायचं होतं, आणि धीर होत नव्हता.

ओझीत विधवा, तोंडानं फटकळ, हाताला चव. भरडा पातेल्यात रटरटायला लागला तशी तिनं डोकावून पाहिलं आणि मागच्या भिंतीचे पोपडे निघालेत, लिंपायला थोडं उरव, असं बजावलं. हॉलिस ढवळत राहिला. कोळंबीची डोकी तो टाकून द्यायला निघाला तेव्हा तिनं हातावर चापट मारली आणि ती उकळायला ठेवली. सगळा रस डोक्यातच असतो, तुझ्या नसेल, म्हणाली.

मग तिनं बिडाच्या कढईत तेल तापवून मैदा घातला आणि लाकडी चमचा हातात घेतला. आता शहाण्या माणसानं गप्प बसायचं. रश्शाला दाटपणा आणणारी ही रू भाजायला घेतली की इथली बाई फोन घेत नाही, दार उघडत नाही. जरा हात थांबला की मैदा करपतो, आणि करपलेली रू म्हणजे गावभर नाचक्की. हॉलिसला हे सगळं पाठ होतं. पण घाबरलेल्या माणसाचं तोंड नेमकं नको तेव्हा उघडतं.

"ओझीत, आपण लग्न करू या का?" तो पातेल्याकडे बघत म्हणाला.

चमचा फिरतच राहिला. मैदा बदामी झाला, मग तांबूस. ओझीतनं मान वर केली नाही. संपलं, हॉलिसला वाटलं. या वयात कुठून हे खूळ डोक्यात घेतलं! आता या घरी कॉफीलासुद्धा यायला तोंड उरलं नाही. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"राहू दे," तो पुटपुटला. "मी आपलं उगीच."

चमचा थांबला. ओझीत वळली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. कढईत काळे ठिपके उठले, धूर निघाला. अगं, करपतंय, म्हणत हॉलिस चमच्याकडे धावला. तिनं त्याचा हात धरला.

"मला नाक आहे. जळू दे. लग्नाचं काय पातेल्याला विचारतोस? माझ्याकडे बघून विचार."

त्यानं विचारलं. धुरानं चुरचुरणारे डोळे पुसत ती हो म्हणाली, मग गॅस बंद करून तिनं खिडकी उघडली. कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती.

"ओझीत, काय करपलं गं?"

"रू."

"कुणाची?"

"माझीच."

शेजारणीनं खिडकीतून ओझीतच्या मागे उभ्या हॉलिसकडे पाहिलं. मग लग्न कधी, एवढंच तिनं विचारलं.