ताईंच्या भाषणात वाजलेली घंटी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. भंगार मात्र म्हणू नका. मी टेबलावर ठेवायची पितळी घंटी आहे. उलट्या वाटीसारखं माझं अंग, डोक्यावर एक बटण, आणि बटण दाबलं की 'टिंग'. माझं सगळं बोलणं एवढंच. पण एवढ्याशा बोलण्यानं मी भल्याभल्यांना खाली बसवलं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. जन्म कुणाला आठवतो? आठवतं ते लातूरच्या एका डॉक्टरांचं टेबल. मी वाजले की बाहेरच्या बाकावरचा पुढचा पेशंट आत यायचा. तिथं मी सगळ्यांची लाडकी होते, कारण जो तो आपला नंबर लागायची वाट बघत असे. पुढे डॉक्टरांनी विजेची बेल बसवली. त्यांचे मित्र शिवलिंगप्पा हे मुरुडचे डाळीचे व्यापारी आणि तिथल्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी मला मागून घेतलं आणि शाळेला दिलं.

शाळेत मला वादविवाद स्पर्धेचं काम मिळालं. नियम साधा होता. प्रत्येकाला चार मिनिटं. एक मिनिट उरलं की मी एकदा वाजायचं, वेळ संपला की दोनदा. दोनदा वाजले की वाक्य अर्धं राहिलं तरी बसायचं. इथं माझे लाड संपले. "मेली नेमकी आत्ताच वाजली!" असं मी किती वेळा ऐकलं असेल! एक मुलगा तर मी वाजताच रडायला लागला होता. मला वाईट वाटायचं. पण सरपंचांच्या मुलासाठी मी जेवढी वाजले तेवढीच शाळेतले शिपाई ग्यानोबा यांच्या मुलीसाठीही वाजले. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

मग मोबाईल आले. एका हौशी सरांना फोनमधला टायमर सापडला आणि माझी रवानगी प्रयोगशाळेच्या कपाटात, फुटक्या परीक्षानळ्यांच्या शेजारी झाली. अंगावर हिरवे डाग चढले. आपलं आता संपलं, असंच मला वाटायचं. पण एका स्पर्धेत एक मुलगी पोटतिडकीनं बोलत असताना त्या फोनवर सरांच्या सासूबाईंचा फोन आला आणि वरातीत वाजवायचं गाणं सुरू झालं. सगळे हसले, मुलगी भाषण विसरली. दुसऱ्याच दिवशी ग्यानोबांनी मला चिंचेनं घासून टेबलावर आणून ठेवलं. "शेवटाला म्हातारीच कामाला आली," ते म्हणाले. म्हातारी हा शब्द मी त्यांना माफ केला.

यंदाचा विषय नागरिकशास्त्राच्या वैजनाथ सरांनी काढला होता: 'आपल्या आमदार दानम्माताई उजव्या विचारसरणीच्या आहेत.' अर्ध्या मुलांनी अनुकूल बोलायचं, अर्ध्यांनी प्रतिकूल. ताई अपक्ष निवडून आलेल्या, आणि त्यांना कुठल्या रांगेत बसवावं हे कुणालाच उमगत नव्हतं. परवाने कमी करा, कर कमी करा, शेतकऱ्याला त्याचा माल हवा तिथं विकू द्या, असं ताई बोलल्या की लोक म्हणत, बाई उजव्या. पोरीनं कुणाशी लग्न करावं, कुणाच्या ताटात काय असावं, कुणी सरकारवर काय टीका करावी यात सरकारनं नाक खुपसू नये, असं बोलल्या की तेच लोक म्हणत, बाई डाव्या.

"सर, ताई नेमक्या हायत तरी कुठल्या?" ग्यानोबांनी एकदा विचारलं.

"त्यांना सरकार लहान पाहिजे, ग्यानोबा. बाजारातबी लहान आन् घरातबी लहान. डावीकडं बसवावं तर बसंनात, उजवीकडं बसवावं तर बसंनात."

"मग उभ्याच ऱ्हाऊ द्या की त्यांना," ग्यानोबा म्हणाले, आणि सर पोट धरून हसले.

स्पर्धेच्या सकाळी मात्र सरांचं हसू मावळलं. शिवलिंगप्पांनी कुणालाही न विचारता खुद्द दानम्माताईंनाच प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं! विषय बदलावा तर मुलांची तयारी झालेली. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

शेवटचा नंबर होता दामिनीचा. दूरच्या एका वाडीवरून ती आई उमाबाईंबरोबर आली होती. त्यांच्या वाडीला संध्याकाळी एकच एसटी जाते. ती चुकली तर मुक्काम स्टँडवर. म्हणून दामिनी सकाळीच नीलाबाईंकडं आली. नीलाबाई म्हणजे मला वाजवणाऱ्या बाई. त्या तासिका तत्त्वावर शिकवायच्या, कायम नोकरी नव्हती, आणि दर जूनला त्यांच्या नेमणुकीवर सही लागायची ती अध्यक्ष शिवलिंगप्पांची, म्हणजे आमच्या आप्पांची.

"बाई, माझा नंबर येईल ना वो? एसटीच्या आधी?"

"येईल गं. मी हाय ना," नीलाबाई म्हणाल्या.

ताई उशिरा आल्या. तोवर दामिनी सोडून सगळी मुलं बोलून झाली होती. दामिनी उठली, तेवढ्यात आप्पांनी माईक हातात घेतला. ताईंना पुढं बार्शीला लग्नाला जायचंय, म्हणून आधी त्यांचं भाषण, दहा मिनिटं, असं त्यांनी जाहीर केलं. दामिनी परत बसली.

"मी काय, दोनच शब्द बोलणार हाय," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, दोनच शब्द बोलणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते.

ताई बोलल्या छानच. "सत्ता म्हंजे मोकाट बैल. त्याला दावं पाहिजे. जो नियम लेकरांना, तोच आमदारालाबी पाहिजे," असं त्या म्हणाल्या तेव्हा टाळ्या पडल्या. दहा मिनिटं झाली. ताई परवान्यांवरून करांवर आल्या, करांवरून कांद्यावर. मागच्या रांगेत उमाबाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. दामिनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती.

पाहुण्यांसाठी घंटी वाजवायची नसते. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण आमच्याकडं तो सगळ्यांना पाठ आहे. मीही कधी मंत्र्यासंत्र्यांसाठी वाजले नव्हते. नीलाबाईंचं बोट माझ्या बटणावर आलं, मागं गेलं, पुन्हा आलं. ते गार पडलं होतं. माझ्या पितळेपेक्षा गार.

टिंग.

ताई थबकल्या. आप्पांनी झटकन हात लांबवून आख्खा पंजा माझ्यावर ठेवला. "बाई, काय करायलाव? ताई हायत त्या!"

नीलाबाई हळूच बोलल्या, पण माईक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. "आप्पा, एक पोरगी ऱ्हायलीय. तिची एसटी जाईल."

"किती वेळ झाला माझा?" ताईंनी विचारलं.

"दिला होता त्याच्या दुप्पट, ताई."

ताईंनी आप्पांच्या हाताकडं पाहिलं. मी त्या पंजाखाली घुसमटले होते. आता या बाईंचं काय होणार, या विचारानं मला धडकी भरली होती.

"आप्पा, हात काढा," ताई म्हणाल्या. "शेवटची वाजवू द्या त्यांना. न्हाईतर मी काय थांबत नसते."

हात निघाला. मी दोनदा वाजले. इतकं मोकळं मी आयुष्यात कधी वाजले नव्हते. ताई अर्धं वाक्य तिथंच सोडून खाली बसल्या.

मग दामिनी बोलली. "ताई उजव्या नाहीत. माझ्या बहिणीनं परजातीत लग्न केलं, तेव्हा ताई आमच्या दारात येऊन म्हणाल्या, त्यांना सुखानं जगू द्या. उजवं तर कुणी आलं नाही. पण खरं सांगू का, डावंबी कुणी आलं नाही." लोक हसले. दामिनी हसली नाही. "पण ताई म्हणतात, सरकारनं सगळ्यातून बाजूला व्हावं. आमच्या वाडीच्या एसटीत कधीकधी चारच माणसं असतात. परवडत नाही म्हणून ती बाजूला झाली, तर माझी शाळा..."

वेळ संपला होता. मी दोनदा वाजले. तीही तिथंच बसली.

ताईंनी उत्तर द्यायला माईककडं हात नेला. नीलाबाईंचं बोट माझ्यावर आलं. ताईंनी हसून हात मागं घेतला.

पण घड्याळात एसटीची वेळ केव्हाच टळली होती. उमाबाई पोरीला ओढत निघाल्या, नीलाबाई त्यांच्यामागं पळाल्या, आणि गडबडीत मी त्यांच्या मुठीतच राहिले. शाळेसमोरच्या थांब्यावर माणसं उभीच होती.

"आली न्हाई आजून! बरं झालं गं माय!" उमाबाई तिथंच खाली बसल्या. नीलाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्या हसतही होत्या.

ताई गाडीकडं जाता जाता दामिनीजवळ थांबल्या. "बघ, ही तुझी सरकारी गाडी. टायमाला येती का कधी?"

"टायमाला आली असती तर तुमच्या भाषणापायी आज आमचा मुक्काम स्टँडवर होता, ताई."

ताई मोठ्यानं हसल्या. "वाजवा बाई घंटी, माझा टाइम संपला," त्या नीलाबाईंना म्हणाल्या. मागून आलेल्या आप्पांनी घसा खाकरला. "बाई, जूनला या. तुमच्याबिगर ही घंटी वाजवायला दुसरं कोण हाय शाळेत?" नीलाबाईंनी एवढा मोठा श्वास सोडला, की माझ्या अंगावर वाफ धरली.

ताई डाव्या की उजव्या, हा वाद आजही शाळेच्या ऑफिसात चालू आहे. चालू दे. मला तो सुटत नाही. त्यांच्यासाठी मी वाजले आणि त्या थांबल्या, एवढंच मला माहीत आहे, आणि तेवढ्यानं माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मला रोज घासलं नाहीत तरी चालेल. डाग पितळेला पडायचेच. पण मोठं माणूस बोलायला उभं राहिलं म्हणून मला टेबलावरून उचलू नका. मागच्या रांगेत कुणीतरी आपला नंबर यायची वाट बघत असतं.