सलिल कानडेची मंजुरी

राज्य सुरक्षा धोरण कार्यालयात रुजू होताना भाग्यश्री गोटेला वाटलं होतं, नावाइतकाच अधिकारही मोठा असेल. तसं नव्हतं. हे कार्यालय कुणाला अटक करू शकत नव्हतं, दंडही ठोठावू शकत नव्हतं. सरकारी इमारतींच्या सुरक्षेचे नियम ठरवायचे आणि तिथे कॅमेरे बसवणाऱ्या खासगी कंपन्यांना मंजुरी द्यायची किंवा दिलेली काढून घ्यायची, एवढंच. पण ती मंजुरी गेली की कंपनीला राज्यातल्या एकाही सरकारी दारातून आत जाता येत नसे.

मार्चमध्ये नूतनीकरणासाठी आलेल्या अर्जांत तिला सलिल कानडेचं नाव दिसलं.

खराडीतल्या त्याच्या कंपनीत ती इंजिनिअर होती. वाशिमहून आलेली, पहिलीच नोकरी. ग्राहकाला न सांगता सलिल कॅमेऱ्यांच्या प्रत्येक यंत्रणेत स्वतःसाठी एक चोरवाट ठेवायचा, हवं तेव्हा चित्रण बघायला. हे बरं नाही, असं तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. पुढे एका मुलींच्या वसतिगृहातलं चित्रण बाहेर फुटलं, तेव्हा त्यानं सरळ तिच्याकडे बोट दाखवलं. पोलिसांनी तिला दिवसदिवस बसवून ठेवलं. पुरावा नाही म्हणून प्रकरण मिटलं, पण ठरलेलं लग्न मोडलं आणि खराडीत तिला कुणी दारात उभं करेना. कर्वेनगरात खोली घेऊन ती स्पर्धा परीक्षेच्या मागे लागली. अभ्यासाचा कंटाळा आला की ती सलिलचा चेहरा आठवायची. कंटाळा पळून जायचा.

आता तिनं मंजुरी रद्द करण्याचा आदेश तयार केला आणि कार्यालयप्रमुख गोपाळकृष्ण आपट्यांच्या पुढे ठेवला. आपटे कसबा पेठेतले. बोलणं मोजकं आणि तिरकं.

"यात कारण नाही," ते म्हणाले.

"सुरक्षेच्या कारणास्तव, असं लिहिलंय ना, सर."

"ते आपण कॅन्टीन बंद ठेवतानाही लिहितो. खरं कारण सांगा."

तिनं सगळं सांगितलं. आपट्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे आजपासून या प्रकरणाला तुम्ही हात लावायचा नाही."

"सर, मी इतकी वर्षं याच दिवसाची वाट बघत होते!"

"तेच तर. तुमच्या सहीचा आदेश न्यायालयात जेवणाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा टिकणार नाही. जुनं वैर आहे म्हणतील, आणि तो हार घालून घेत बाहेर येईल. तसं हवंय का तुम्हाला?"

भाग्यश्रीनं आदेशाचा कागद परत ओढून घेतला. मग म्हणाली, "नाही. मला तो बुडालेला हवाय. पुन्हा वर न येण्यासारखा."

"मग समोर बसा. अधिकारी म्हणून नाही, तक्रारदार म्हणून. त्याच्या खोडी सांगा."

सरकारी यंत्रणा जिथून चालते ती जागा न कळवता तपासण्याचा अधिकार कायद्यानं कार्यालयाला दिला होता. आपटे दोन तंत्रज्ञ घेऊन खराडीला गेले. भाग्यश्रीला मागे राहावं लागलं. त्या काचेच्या दारातून आपण ओळखपत्र दाखवत आत जातोय, हे दृश्य तिनं मनात कितीदा रंगवलं होतं! आज ते दुसऱ्याच्या वाट्याला गेलं, म्हणून ती जळत बसली.

आपटे परतले ते आधी पाणी प्यायले. मग म्हणाले, "सरकारी रुग्णालयाचा बाळंतिणींचा कक्ष. मोठ्या पडद्यावर चालू होता. समोर बसून माणसं डबे खात होती."

सापडला! तिला आधी आनंद झाला. दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाची शिसारी आली; पण आनंद गेला नाही.

संध्याकाळी खराडीतल्या जुन्या सहकाऱ्याचा, सुदर्शनचा फोन आला. "भाग्यश्री, कंपनी बंद पडेल गं. माझ्या घरच्यांचा विचार कर ना जरा."

"मला पोलीस घेऊन गेले तेव्हा तू शेजारच्या खुर्चीत होतास," ती म्हणाली. "मान खाली घालून टाइप करत होतास. आताही तेच कर." तिनं फोन ठेवला आणि त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला.

आपट्यांपुढच्या सुनावणीला सलिल आला तो हसतच. तिला बघून त्यानं ओळख दाखवत मान हलवली. त्याच्या वकिलानं तिला उलटतपासणीसाठी उभं केलं.

"मॅडम, तुम्ही माझ्या अशिलाचा द्वेष करता?"

"हो."

एवढं सरळ उत्तर वकिलाला अपेक्षित नव्हतं. "त्याचं वाटोळं व्हावं असं वाटतं?"

"रोज वाटतं."

"मग तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"द्वेष आहे म्हणूनच ठेवा. माझं एक वाक्य खोटं निघालं तर हा सुटेल. ती चूक मी करीन असं वाटतं तुम्हाला?"

सलिलचं हसू तिथेच मावळलं. तो वकिलाच्या कानात काहीतरी पुटपुटला; वकिलानं नकारार्थी मान हलवली. तंत्रज्ञांनी ती चोरवाट सगळ्यांसमोर उघडून दाखवली, तेव्हा सलिल टेबलाकडे बघत राहिला. आपट्यांनी मंजुरी कायमची रद्द केली. आदेश वाचला जात असताना भाग्यश्रीनं त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. खाली जिन्यात त्यानं तिला गाठलं.

"झालं समाधान?"

"नाही," ती म्हणाली. "अजून भूक आहे."

प्रकरण निकाली निघालं होतं, म्हणून पुढच्या आठवड्यात कॅमेरे उतरवण्याच्या कामावर देखरेख करायला तिला रुग्णालयात पाठवलं. इंदुबाई नावाची तिथली जुनी आया कॅमेरे काढणाऱ्या कामगाराच्या स्टुलाजवळ येऊन उभी राहिली.

"ताई, हे का काढताय?"

चोरी होऊ नये म्हणून बसवले होते, एवढंच बायकांना माहीत होतं. भाग्यश्रीनं खरं ते सांगितलं. बाळाला पाजत बसलेल्या एका बाईनं पदर ओढून घेतला, जणू आत्ताच कुणी बघत होतं.

"म्हणजे आम्ही कपडे बदलत होतो ते..." इंदुबाईंनी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. "त्याला पकडलं का?"

"आमच्या कार्यालयाला तो अधिकार नाही. पोलिसांना कळवलंय. पण ज्यांचं चित्रण झालं त्यांनी तक्रार दिली, तर गुन्ह्याला जोर येईल."

"नाव सांगा त्याचं."

भाग्यश्रीनं नाव सांगितलं. सावकाश, आडनावासकट. मग खराडीतला पत्ताही. इंदुबाईंनी अंगावरचा एप्रन उतरवून खाटेवर टाकला.

"ज्यांना चालता येतं त्यांनी चपला घाला," त्या कक्षाकडे वळून म्हणाल्या. "बाकीच्यांची नावं मी पोलिसांना सांगते."

चौघीजणी उठल्या. भाग्यश्री बाजूला सरकली आणि तिनं त्यांना दार उघडून दिलं.